शेवटच्या माणसामागे

नेरूळचा स्विमिंग पूल रविवारी सहाला उघडतो.
मी पाचलाच मागच्या गेटपाशी.
टेम्पोतून सिलिंडर उतरवायचे,
एकेकाच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायचं:
हवा गळत असली की अगदी बारीक बोलते,
झोपेत बडबडणाऱ्या पोरासारखी.
वायसर तपासायचे, दोन जास्तीचे खिशात.
वजनाचे पट्टे माणूस बघून.
टिपणीस बाईंना चार किलो,
त्या जिमवाल्या पोराला दोनच पुरतात,
पण त्याला ते पटत नाही.

लोबो सर येतात तेव्हा सगळं मांडलेलं असतं.
सर छान शिकवतात.
खरंच. मी नऊ वर्षं ऐकतोय.
'श्वास रोखू नका' हे एवढंसं वाक्य
दर वेळी असं सांगतात
की आजच सुचलंय.

पाण्याखाली सर पुढे,
मग आठ जण,
मग मी.
शेवटच्या माणसामागे राहायचं आणि मोजायचं.
डोकी मोजून भागत नाही;
डोकं जागेवर असतं आणि माणूस निघून गेलेला असतो.
मी बुडबुड्यांचे खांब मोजतो.
आठ.
आठ.

बाबा दिवाळ्याचा. डोलीचा दोर खुंटाला अडकला
की छातीत मावेल तेवढी हवा घेऊन
गढूळ खाडीत थेट तळाला.
म्हणायचा, "डोले मिटाचे, हातानी बगाचा."
एकदा त्याला पूल दाखवायला आणला.
कडेला उकिडवा बसून त्यानं
निळ्या फरशा बघितल्या, तळाची जाळी,
जाळीचे चार स्क्रू.
"एवरा दिसतं, त शिकाचं काय त्यान?"
मी म्हटलं, आहे काहीतरी.
मला तरी कुठे धड सांगता येत होतं.

अंगठ्याचंच घ्या.
जमिनीवर अंगठा वर म्हणजे मस्त, झकास.
खाली त्याचा अर्थ: मला वर न्या.
मस्त म्हणायचं तर अंगठा तर्जनीला टेकवून गोल.
सर हे पहिल्या दिवशी सांगतात,
दुसऱ्या दिवशी सांगतात,
आणि तिसऱ्या रविवारी, खोल बाजूला,
टिपणीस बाईंनी मला अंगठा दाखवला.

सर तेव्हा पाठमोरे,
जिमवाल्याच्या मास्कमधलं पाणी काढवून घेत होते.
बाईंची एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर गेलेली,
सवयीचाही असेल अंगठा.
मी खांब मोजले.

सात.

पाय झाडून त्या निघाल्याच होत्या वर,
छाती भरलेली, कोंडलेली.
जॅकेटचा पट्टा धरला.
त्यांचा तळहात घेऊन माझ्या छातीवर ठेवला
आणि सोडला मोठ्ठा उच्छ्वास, तोंडासमोर, गडगडत.
काचेआड डोळे. नुसते डोळे.
दुसऱ्यांदा सोडला.
तिसऱ्या वेळी त्यांच्याकडून एक बुडबुडा आला,
एकच, वाटाण्याएवढा,
मग त्याच्यामागे सगळे.

अंगठा अजून वरच होता.
अंगठ्याशी वाद घालायचा नसतो.
गेलो वर, सगळ्यात बारक्या बुडबुड्याच्या चालीनं,
त्याला मागे न टाकता.

वर आल्यावर मास्क कपाळावर ढकलून म्हणाल्या,
"अहो, मी मस्त म्हणत होते!"
"हो मॅडम," मी म्हटलं.
आणि दहा मिनिटांनी त्या परत खाली आल्या,
कुणी न सांगता.

दुपारी लॉगबुकांवर सरांच्या सह्या.
मी मागे, गोड्या पाण्याच्या पिंपापाशी,
जॅकेटं उलटी करून निथळवतो,
माउथपीस एकेक करून धुतो.
कोण किती घाबरलं ते मला दातांवरून कळतं.
जिमवाल्याचा चांगलाच चावलेला.
एकाची तर डावी कड
आरपार तुटलीये.

नवा बसवला. नव्वद रुपये.
वहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं: झीज.